खंडेनवमीचं हेलिकॉप्टर

"तायडे, यापुढे तुमचा आवाज माझ्या कानावर आला, तर तो धारणीहून आला पाहिजे," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा पेपरवेट गरकन फिरवला.

मोतीराम तायडे, कृषी पर्यवेक्षक, अकोला, हे समोर उभे होते आणि त्यांच्या कपाळाची शीर तटतटून फुगली होती. धारणी म्हणजे मेळघाटाच्या पोटात. गाव काही वाईट नव्हे, पण भागीरथाबाई अकोल्याच्या शाळेत मास्तरीण, आणि तायड्यांना स्वतःच्या हाताने चहासुद्धा करता येत नव्हता. बदली झाली असती तर बायको आणि पोरगा इकडे, हे तिकडे आणि मधे अख्खा सातपुडा. एरवी त्यांनी साहेबांनाही सुनावलं असतं. त्या दिवशी मात्र त्यांनी नुसती मान हलवली.

साहेबांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. चौसष्ट सालच्या पावसाळ्यात सरकारने कपाशीवर हेलिकॉप्टरने औषध फवारायचं काढलं होतं. तेल्हाऱ्याकडे फवारता फवारता ते हेलिकॉप्टर एकाएकी भोवऱ्यासारखं फिरायला लागलं आणि उभ्या पऱ्हाटीत आडवं झालं. वैमानिकाचा उजवा हात मोडला, बाकी कोणाला काही झालं नाही. गावकरी धावले, त्यांनी त्याला सावलीत नेलं, पाणी पाजलं. मागून तायडे धावत आले आणि त्या जखमी माणसासमोर कमरेवर हात ठेवून ओरडले, "डोये फुटले का तुहे? एवढं आभाय रिकामं पडलं अन् तुले पऱ्हाटीतच उतराचं सुचलं?" वैमानिकाला मराठीचा गंध नव्हता. पण तायड्यांचा राग समजायला भाषा येण्याची गरज कधीच पडत नसे. त्या माणसाने डाव्या हाताने दिल्लीला तक्रार लिहिली.

दिल्लीने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ती तक्रार साहेबांकडे धाडली. दुसरं असं ठरवलं, की हेलिकॉप्टर पडलं तर दिल्लीची माणसं येईपर्यंत तिथल्या अधिकाऱ्यांनाच पाहणी करता आली पाहिजे. कुठे काय पडलं, काय तुटलं, कोणी काय पाहिलं, हे शिकवण्यासाठी अकोल्याला पाच दिवसांचा वर्ग घ्यायचा. शिकवायला दिल्लीहून कॅप्टन सूद. आणि अभ्यासाला तेच तेल्हाऱ्याचं हेलिकॉप्टर.

"व्यवस्था तुमच्याकडे," साहेब म्हणाले. "त्या यंत्राला पहिली शिवी तुम्हीच दिलीत, आता निगाही तुम्हीच राखा. कॅप्टनांना मी सांगून ठेवलंय. हा माणूस एकदा, फक्त एकदा ओरडला, तरी मला कळवा."

संध्याकाळी तायड्यांनी घरी हे सांगितलं तेव्हा भागीरथाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेन्सील खाली ठेवली.

"म्हंजे मी आठवडाभर शाळा कराची अन् रयवारी धारणीची मोटार पकडाची? मी नाई येणार. आधीच सांगून ठेवते."

"मी तुले ये म्हणून रायलो का?" तायडे ओरडले.

"हे पाहा. झालं सुरू."

"हे ओरडणं नोहे! हे बोलणं हाय!"

शेजारी खातूनबीच्या घरात पाळण्यातलं मूल दचकून रडू लागलं. भागीरथाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना त्याची चीड येत असे, पण तिच्यात थोडी कीवही असे.

"तुमच्याच्यानं होत नाई थे, मले माईत हाय. पण पाच दिवस करून पाहा. आमच्या शाळेत पुण्याची एक बाई तपासनीले येते. राग आला का थे दात दाबते, हसते, 'आपण' म्हणते अन् शेवटी 'बरं का' लावते. तिच्या 'बरं का'नं दोन मास्तरणी घरी गेल्या, पण तिचा आवाज कोणी आयकला नाई."

तायड्यांनी दात दाबून हसून पाहिलं. भागीरथाबाई म्हणाल्या, दिवसा ठीक आहे, रात्री असं कोणासमोर हसू नका.

कॅप्टन सूद हे उंच, सडपातळ आणि संथ गृहस्थ होते. कितीही उकाडा असो, त्यांच्या शर्टाची घडी मोडत नसे आणि त्यांचा आवाज चढत नसे. दिल्लीहून त्यांनी स्वतःची कापडी पाठीची घडीची खुर्ची आणली होती. तिच्यावर बसूनच ते शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "देखिए, जो चिल्लाया, वह गया. चिल्लाने से गवाह का मुँह बंद होता है और सबूत अपनी जगह से हिल जाता है." वर्गातल्या आठही अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. अमरावतीच्या किसनरावांनी तर वाक्य संपायच्या आधीच डोलावली.

खात्याच्या गोदामामागे मोठं मैदान होतं. तिथे ते हेलिकॉप्टर जसं तेल्हाऱ्याला पडलं होतं तसंच्या तसं मांडलं होतं. धड मधे, पंखा त्या कडेला, शेपूट या कडेला, काचा, पत्रे, सांडलेल्या तेलाचे काळे डाग पडलेली मातीसुद्धा. प्रत्येक तुकड्याभोवती चुन्याच्या फक्कीने रेघ मारलेली. हे सगळं बैलगाड्यांवर आणून मांडताना तायड्यांनी चार दिवस एकही शब्द मोठ्याने काढला नव्हता आणि त्या चार दिवसांत त्यांना दोनदा पित्त झालं होतं.

कॅप्टननी तायड्यांना बाजूला घेऊन शेपटीपाशी एक वस्तू दाखवली. करंगळीएवढा बोल्ट. शेपटीच्या छोट्या पंख्याचा. त्याच्या अंगात केसासारखी चीर गेली होती. "यही है," कॅप्टन हळूच म्हणाले. हा सैल पडला, शेपटीचा पंखा थांबला आणि हेलिकॉप्टर गरगर फिरलं. विद्यार्थ्यांनी तो आपला आपण शोधायचा होता. आधी तीन दिवस शिकणं, मग दसऱ्याची सुट्टी, मग उरलेल्या दोन दिवसांत शोध. तोवर तिथल्या काडीलासुद्धा कोणी हात लावायचा नाही. जबाबदारी तायड्यांची.

तीन दिवस कसे गेले ते तायड्यांनाच ठाऊक. चहा गार आला, ते हसले. तंबूचा खांब किसनरावांनी टेकून पाडला, ते म्हणाले, "जरा सांभाळून बसावं, बरं का." आत मात्र नुसता लाव्हा. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर एव्हाना त्याने खांब उचलून किसनरावांच्या टाळक्यात घातला असता, आणि आम्ही तरी त्याला नावं ठेवली नसती.

खंडेनवमीच्या सकाळी पोराला खातूनबीकडे ठेवून तायडे आणि भागीरथाबाई नागपूरला निघाले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, हा छप्पन सालापासूनचा नेम. जाताना तायडे मैदानावर डोकावले. चौकीदार नत्थुजी झाडत होता. नत्थुजी आणि त्याची बायको मैना गोदामाच्या कोपऱ्यातच राहत. तायड्यांच्या हाताखाली नत्थुजीची अकरा वर्षं गेली होती आणि त्यांच्या ओरडण्यावरून कामाचं वजन ओळखायची त्याला सवय झाली होती. नुसतं "अबे!" आलं तर फाटक लावायचं. आईबाप आले तर काम आजच्या आज. तंगड्या तोडायची भाषा आली, म्हणजे प्रकरण खरोखरीचं सरकारी.

त्या दिवशी तायड्यांच्या ओठावर तंगड्याच आल्या होत्या. पण दहा पावलांवर, सुट्टीत फिरायला निघालेले कॅप्टन आपल्या खुर्चीवर चहा पीत होते. तायड्यांनी दात दाबले, हसले आणि म्हणाले, "नत्थुजी, आम्ही नागपूरला जाऊन येतो. आपण या यंत्राची नीट काळजी घ्या, बरं का."

नत्थुजीला जन्मात कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. त्याने झाडू खाली ठेवला आणि हात जोडले.

नागपूरचे दोन दिवस मोठे चांगले गेले. माणसांचा पूर लोटला होता, पायावर पाय पडत होते, पण कोणी कोणावर खेकसत नव्हतं. तायड्यांना तिथे राग येतच नसे. त्या गर्दीत उभं राहिलं की आपल्या छातीतली जागा वाढल्यासारखी त्यांना वाटे. परतीच्या पॅसेंजरमध्ये ते बायकोला म्हणाले, "हे शांत राहणं जमते वो मले." बडनेऱ्याला त्यांनी तिला चहासुद्धा घेऊन दिला.

सकाळी अकोल्याला उतरल्यावर बायकोला घरी पाठवून ते थेट मैदानावर गेले आणि फाटकातच थिजले.

हेलिकॉप्टर चमकत होतं.

राख आणि चिंच लावून ते घासलं होतं, घासलेटच्या फडक्याने पुसलं होतं. काजळी गेली, तेल गेलं, ओरखड्यांतली तेल्हाऱ्याची माती गेली. लांब फेकला गेलेला पंखा आणून धडाशेजारी नीट टेकून ठेवला होता. पत्र्यांची मोठा खाली, लहान वर अशी चळत लावली होती. नाकावर हळदकुंकू, शेपटीला झेंडूचा हार, पंख्यावर आपट्याची पानं. इंजिनावर नारळ फोडलेला, त्याच्या शेंड्या आतल्या फटीत अडकलेल्या. मैदानावर शेणाचा सडा, आणि चुन्याच्या रेघांच्या जागी रांगोळीची कमळं.

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण म्हणतो. तायड्यांची मस्तकात जाऊन, वर जागा न सापडल्यामुळे, पुन्हा तळपायाला आली. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून, रात्री अंधारात परतलेल्या कॅप्टनच्या दाढीच्या ब्रशाची खरखर ऐकू आली. त्यांनी तोंड मिटलं.

"नत्थुजी," ते म्हणाले. आवाज इतका गोड निघाला की त्यांचाच त्यांना संताप आला. "हे काय केलंत आपण?"

"पूजा जी!" नत्थुजी हसत पुढे आला. "खंडेनोमी नोहती का? दरसाल पंप धुतो, फवारे धुतो, जीप धुतो. मंग हेच एकटं मयकं कसं ठेवाचं? आधीच बिचारं पडेल हाय. अन् तुमी सोता म्हनले, कायजी घ्या म्हनून."

"आणि इथे पांढऱ्या रेघा होत्या, त्या?"

"मैनानं सडा टाकला ना जी. मंग नव्यानं काढली रांगोई. तुमच्या रेघाईपक्षा बेस हाय."

तायड्यांनी डोळे मिटून घेतले. ते पुन्हा उघडले तेव्हा त्यांची नजर शेपटीपाशी गेली. तिथे एक सुरेख आठ पाकळ्यांचं कमळ होतं आणि बोल्ट नव्हता.

"नत्थुजी, इथे एक छोटा बोल्ट होता. तो कुठे आहे, बरं का?"

नत्थुजीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. साहेब गोड बोलून राहिले. एकदा बोलले ते समजलं, सणावाराचं बोलले. आता परत? "मले काई माईत नाई जी."

"सांगा ना. आम्ही मुळीच रागावणार नाही."

झालं. अकरा वर्षांत जो माणूस रोज रागावला तो आज रागावणार नाही म्हणतो, याचा अर्थ नोकरी गेली, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. दारातून ऐकत असलेली मैना आत गेली आणि भांडी गोणपाटात बांधू लागली.

"काईच माईत नाई जी. म्या पायलंच नाई. मी इथी नोहतोच."

"मग हे सगळं धुतलं कोणी?"

"देवच जाने जी."

तायड्यांनी कडेच्या लिंबाच्या झाडापाशी जाऊन बुंध्याला तीन लाथा घातल्या आणि हसत परत आले. ते हसू पाहून नत्थुजी गोदामामागे पळाला.

तोवर वर्ग जमलाच. कॅप्टन तंबूतून बाहेर आले, दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांनी हार पाहिला, कमळं पाहिली. त्यांच्या गालाचा एक स्नायू उडाला.

"तायडेजी, मशीन बहुत सुंदर लग रही है."

"जी साब."

"इसे किसने सजाया?"

"त्योहार था साब." तायड्यांना दुसरं काही सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर नत्थुजीचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली. आपण नेहमीसारखे ओरडलो असतो तर त्या भल्या माणसाने फडकंसुद्धा उचललं नसतं, हे त्यांना पुरतं कळलं होतं, आणि त्यामुळे तर ते आणखीच भडकले होते. आता भडकायचं कोणावर, एवढाच प्रश्न होता.

कॅप्टननी दीर्घ श्वास घेतला. "कोई बात नहीं. असली हादसे में भी लोग छेड़छाड़ करते हैं. तलाश शुरू कीजिए." आणि ते आपल्या खुर्चीवर बसले.

अधिकारी भिंगं घेऊन सुटले. किसनराव सर्वांत पुढे. थोड्याच वेळात ते बोटाच्या टोकावर पिवळी भुकटी घेऊन आले. "सर, गंधक! नाकावर सर्वत्र पसरलं आहे. फवारणीचं औषध बाहेर गळत होतं."

कॅप्टननी वास घेतला. तायडे आभाळाकडे पाहू लागले.

दुसऱ्या एका अधिकाऱ्याला इंजिनात शेंड्या सापडल्या. "सर, पक्ष्याचं घरटं!" तिसऱ्याला इंजिनाच्या डोक्यावर नवीकोरी खोक सापडली. झालं, किसनरावांची कळी खुलली. त्यांनी सगळं जुळवलं. गंधक गळून पक्ष्याच्या डोळ्यांत गेलं, आंधळा झालेला तो पक्षी आपलंच घरटं समजून इंजिनावर येऊन आपटला, आणि हेलिकॉप्टर कोसळलं. "पक्षी बराच मोठा असावा, सर. आणि डोक्याला टणक."

"पक्षी कहाँ है?"

"उडून गेला, सर."

"अंधा होकर?"

बाकीचे अधिकारी पक्ष्याचं पीस शोधायला धावले.

कॅप्टनचे कान लाल झाले होते. "किसी को कोई बोल्ट मिला? छोटा-सा बोल्ट?" कोणालाच मिळाला नव्हता. मग त्यांनी साक्षीदाराला बोलवायला सांगितलं. गोदामामागून नत्थुजीला आणलं. कॅप्टन त्याच्याकडे पाहून फार मायेने हसले. "घबराइए मत, नत्थूजी. आप तो हमारे बड़े भाई जैसे हैं. सिर्फ़ इतना बताइए कि वह बोल्ट कहाँ गया."

आता दोन साहेब गोड बोलत होते, त्यातला एक दिल्लीचा. नत्थुजीला समोर फाशीचा दोर दिसला. त्याने कॅप्टनच्या खुर्चीकडे पाहिलं, चटकन नजर वळवली आणि दातखीळ बसल्यासारखा उभा राहिला. कॅप्टननी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, दर वेळी आधीपेक्षा गोड. नत्थुजीच्या तोंडून "हूं" की "चूं" निघेना.

"अच्छा," कॅप्टन दातांतून म्हणाले आणि त्यांनी वैतागून खुर्चीत मागे अंग टाकलं.

कडाड्!

खुर्चीची एक बाजू बसली, दुसरी उडाली, पाठीच्या कापडाने कॅप्टनना पुरतं गुंडाळून घेतलं आणि दिल्लीचे तपासनीस पाय वर करून कमळात आडवे झाले. शर्टाची घडी शेणाच्या सड्यात गेली.

कापडाच्या आतून आवाज आला, आणि तो आवाज अकोल्याच्या स्टेशनापर्यंत गेला असावा.

"किस गधे ने मेरी कुर्सी को हाथ लगाया? उल्लू के पट्ठो, खड़े-खड़े क्या देख रहे हो? उठाओ मुझे!"

आठही अधिकारी धावले. त्यांना वाटेत तायडे आडवे आले. चार दिवस बैलगाड्यांपाशी आणि नंतर वर्गात गिळलेला सगळा संताप त्यांच्या अंगात साचला होता. त्याचं त्या क्षणी काहीतरी निराळंच झालं. तो गार झाला.

"कोणीही हात लावू नका, बरं का," तायडे म्हणाले. "अपघात झालेला आहे. जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे. किसनराव, टेप आणा. फक्की आणा."

"तायडे! मुझे उठाओ!"

"हिलिए मत, साब. आप जैसे गिरे हैं वैसे ही रहिए." तायड्यांनी कॅप्टनच्या भोवतीने डोक्यापासून पायापर्यंत चुन्याची रेघ मारली, अगदी निगुतीने, टाचांचं वळणसुद्धा न चुकता. "लिहा. डोकं शेपटीकडे. डावा पाय खुर्चीत. उजवा मोकळा, हवेत. साब, गिरने से पहले आपने कोई आवाज़ सुनी?"

"मैं तुम्हारी... मैं तुम सबकी..."

"चिल्लाइए मत, साब. सबूत हिलता है."

किसनरावांनी सवयीने मान डोलावली.

आणि हे चाललेलं असताना नत्थुजीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येऊ लागला. गधे! उल्लू के पट्ठे! सगळं कसं ओळखीचं, घरच्यासारखं. अखेर एक साहेब साहेबासारखा बोलला होता. नत्थुजीच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तो पुढे झाला.

"थो बोल्ट म्याच लावला जी! साहेबाची खुर्ची दोन दिसांपासून कुईकुई करे. सणाच्या दिशी आपल्या घरी साहेबाची खुर्ची कुरकुर कराची का? अन् थो बोल्ट तिथी उगाच पडेल व्हता. म्या पुसला, कुकू लावलं अन् देला बसवून."

तायड्यांनी वाकून कॅप्टनच्या पाठीखाली हात घातला आणि दोन तुकडे बाहेर काढले. करंगळीएवढा बोल्ट, चिरेवर बरोबर दुभंगलेला, कुंकू लागलेला.

"मग सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमी इतले गोड बोलून रायले व्हते जी. मले वाटलं आता पोलिसातच देता."

जमिनीवर पडल्यापडल्या कॅप्टन शांत झाले होते. "मिला?" त्यांनी विचारलं.

"मिला साब. दोनों हादसों का एक ही."

"तो अब उठूँ?"

"बस, नाप पूरा होने दीजिए."

बोल्ट सापडल्यामुळे वर्ग एक दिवस आधीच संपला, आणि त्याच संध्याकाळी कॅप्टन साहेबांच्या खोलीत गेले. सड्याचा डाग त्यांच्या खांद्यावर तसाच होता. सगळा पुरावा नष्ट झाला, एकूण एक माणूस बावचळला, पण एका माणसाचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, एवढं त्यांनी सांगितलं, आणि तो माणूस मी नव्हे, हेही सांगितलं. साहेबांनी तायड्यांकडे संशयाने पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बदलीचा विषय संपला.

तायडे घरी आले ते तरंगतच. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी गोष्ट सुरू केली. हळदीचं गंधक, नारळाचा पक्षी, सगळं नकला करून दाखवलं. भागीरथाबाई परातीतून हात काढून पोट धरून हसल्या. कॅप्टन पडले तिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसता हसता त्या मधेच थांबल्या.

"एकदाबी नाई ओरडले?"

"एकदाबी नाई!"

"नत्थुजीनं सारं धुऊन टाकलं तरी?"

"नाई."

"अन् राग? आलाच नाई का?"

"आला ना! मस्तक फुटाची पाळी आली होती. पण आवरला." तायड्यांनी भिंतीला टेकून पाय पसरले. "मनावर घेतलं का आवरते वो माणसाले. त्यात काई एवढं नाई."

भागीरथाबाईंनी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला.

"म्हंजे आवरते."

"आवरते म्हणजे..."

"पंधरा वर्षं झाले लग्नाले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत गेला. वर्गात पोरींना गप्प करणारा तो आवाज या घरात आजवर निघाला नव्हता. "पयल्या दिवायीले माह्या बापासमोर तुमी ताट फेकलं. भाजीत मीठ कमी हाय म्हणून. म्या बाबाले सांगतलं, त्याईच्या हातात नाई बाबा, दमेकऱ्याले दमा तसा ह्याईले राग. बाबा थेच समजूत घेऊन गेले. तुमचा पोरगा तुमच्या जोड्याचा आवाज आला का आंगणातून घरात पयते. खातूनबी भिंतीपलीकडून रोज इचारते, आज क्या हुआ, भागीरथा? म्या सगळ्याईले सांगतलं, दमा हाय, दमा हाय, बिच्चारा काय करन! अन् आज तुमी मले सांगून रायले का सायबाच्या धाकानं इतले दिवस दमा उठलाच नाई? थो दमा नोहता! थे मर्जी होती! फक्त घरीच उठे!"

भिंतीपलीकडे खातूनबीच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला होता. तायड्यांनी तोंड उघडलं. सवयीने छाती भरून आली, मान ताठ झाली, कपाळाची शीर वर आली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हळूहळू तो श्वास तसाच सोडून दिला.

भागीरथाबाईंनी ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. तायडे जेवायला बसले आणि पहिला घास त्यांच्या तोंडात फिरत राहिला. भाजीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, मुळीच नव्हतं. समोर भागीरथाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"कशी झाली?"

"चांगली झाली," तायडे म्हणाले.

"अजून वाढू?"

"वाढ."